ट्रायल पास झाली, पण ऑर्डर कुठंय?

मागच्या अंकात ड्रोनवर लिहिताना शेवटी सहज एक ओळ टाकली होती, की फौजेसाठी नवीन वस्तू बनवणं सोपं, ती फौजेला विकणं अवघड. त्या एका ओळीवर एवढी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप आले की पेन्शनचे, सैनिकी शाळेचे वगैरे सगळे प्रश्न आता पुढच्या अंकात, रागावू नका. कुणाचंही नाव छापलेलं नाही, धंद्याचा मामला आहे. आणि एक आधीच सांगतो, मी नोकरीतली बरीच वर्षं खरेदीच्या फायलींमध्ये सरकारी बाजूला बसून काढली आहेत, त्यामुळे खाली जी बोलणी आहेत त्यातली निम्मी मलाच लागू आहेत.

आमचं छोटं वर्कशॉप आहे, दोन व्हीएमसी (धातू कापायची कॉम्प्युटरवाली मशीनं) आणि सात माणसं. पुतण्याने आणि त्याच्या मित्राने उंचावर सामान नेणारा ड्रोन बनवला. एका युनिटसमोर उडवून दाखवला, साहेब लोक खूश, फोटो काढले, चहा पाजला, म्हणाले हे आम्हाला पाहिजेच. त्याला दीड वर्ष झालं. फोन केला की प्रोसेस चालू आहे म्हणतात. नक्की काय चालू असतं? (भोसरी)

दादा, खरं सांगू का, बहुतेक वेळा काहीच चालू नसतं. साहेब खोटं बोलले असं नाही हं, त्यांना ड्रोन खरंच आवडला असणार. पण ज्याला आवडलं त्याच्या हातात पैसे नाहीत आणि ज्याच्या हातात पैसे आहेत त्यानं तुमचा ड्रोन बघितलेलाच नाही, असा हा प्रकार आहे.

फौजेत कॅपिटल खरेदी म्हणजे नवीन शस्त्र, नवीन यंत्र घ्यायचं तर रस्ता ठरलेला आहे, तो डीएपी २०२० या संरक्षण खरेदीच्या नियमांच्या पुस्तकात लिहिलाय. आधी मुख्यालयात कुणीतरी लिहायचं की आम्हाला अशी अशी वस्तू पाहिजे, तिची उंची, वजन, पल्ला, तापमान सगळं, त्याला क्यूआर म्हणतात. मग कंपन्यांकडून माहिती मागवायची, मग वरची कमिटी मान्य करणार की हो बाबा गरज आहे, तो एओएन, मग टेंडर म्हणजे आरएफपी, मग कागदावरची टेक्निकल तपासणी, मग फील्ड ट्रायल, उन्हाळ्यात वाळवंटात आणि हिवाळ्यात लडाखला, म्हणजे एक सीझन हुकला की वर्ष गेलं, मग जे पास झाले त्यांची पाकिटं उघडायची, सगळ्यात स्वस्त तो एल-वन, आणि मग सीएनसी. तुमच्या वर्कशॉपात सीएनसी म्हणजे मशीन, तिकडे सीएनसी म्हणजे किंमत घासाघीस करायला बसलेली कमिटी. तुमचं मशीन बरंच फास्ट आहे.

यात अजून एक पाचर आहे, 'नो कॉस्ट नो कमिटमेंट'. म्हणजे ट्रायलला वस्तू तुम्ही आणायची, माणसं तुम्ही आणायची, लेहला राहण्याचा खर्च तुमचा, आणि पुढे घेतलंच पाहिजे असं काही बंधन फौजेवर नाही. मोठ्या कंपनीला हे परवडतं, तिच्यासाठी तो जाहिरातीचा खर्च. सात माणसांच्या शॉपला एक ट्रायल सीझन म्हणजे वर्षाचा नफा गेला, आणि बँकेचा हप्ता काही लडाखचा बर्फ वितळायची वाट बघत नाही.

आता मूळ घोळ कुठे आहे बघा. ही सगळी पद्धत तयार मालासाठी बनवलेली आहे. बूट, ब्लँकेट, ट्रक, ज्याचं माप आधीच सांगता येतं, चार जण बनवतात, आणि त्यातला स्वस्त घ्यायचा, तिथे ती बरोबरच आहे. पण जी वस्तू अजून नीट जन्मालाच आलेली नाही तिचं माप आधी कोण लिहिणार? आणि ती बनवणारे चार जण आणायचे कुठून, एकच जण बनवतोय म्हणून तर ती नवीन! मग फाईलवर शेरा पडतो 'सिंगल व्हेंडर', आणि हा शेरा बघितला की फाईल हातातून खाली ठेवायची सवय आम्हाला पहिल्या वर्षीच लागते.

तुम्ही आता काय करायचं ते खाली पुण्याच्या मुलीला दिलेल्या उत्तरात लिहिलंय, ते वाचा. त्याआधी एकच, ड्रोनमधला कंट्रोलर, रेडिओ, मोटर कुठून आलंय ते कागदावर काढून ठेवा. फेब्रुवारी २०२५ मध्ये आर्मीनं ४०० सामानवाहू ड्रोनचे करार रद्द केले, २३० कोटींच्या वरचे, कारण आत चिनी पार्ट निघाले. उद्या तुमच्यावर ती वेळ नको.

मी तोफखान्यातून रिटायर झालो, बोफोर्सवर बरीच वर्षं काढली. तोफ एक नंबर होती. पण लोक म्हणतात बोफोर्समुळेच पुढची सगळी खरेदी अडकली. तोफेचा काय दोष? (देवळाली)

साहेब, तोफेचा शून्य दोष, आणि कारगिलला १९९९ मध्ये तिनं काय केलं ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही. मार्च १९८६ मध्ये ४१० तोफांचा करार झाला, एप्रिल १९८७ मध्ये स्वीडिश रेडिओनं लाच दिल्याची बातमी फोडली, आणि तिथून पुढे दिल्लीत तोफ हा शब्द उच्चारायलाच लोक घाबरायला लागले. नवी कोरी १५५ एमएमची तोफ त्यानंतर आली ती थेट २०१७ मध्ये, एम-७७७. तीस वर्षं! मधल्या काळात टेंडर निघाली, ट्रायल झाल्या, एखाद्या कंपनीवर संशय आला की आख्खी कंपनीच काळ्या यादीत, ट्रायल बंद, परत पहिल्यापासून.

मला सगळ्यात जास्त लागतं ते वेगळंच. बोफोर्सच्या करारात ती तोफ इथे बनवायची ड्रॉइंग्जसुद्धा मिळालेली होती. ती कपाटात पडून राहिली, वर्षानुवर्षं. खूप उशिरा कुणीतरी ती काढली आणि त्यावरून जबलपूरला धनुष तोफ बनली, पहिल्या सहा आर्मीला मिळाल्या एप्रिल २०१९ मध्ये. म्हणजे उत्तर घरातच होतं, पण कपाट उघडायचं तर कुणीतरी सही करायला पाहिजे होती.

आता पुण्याच्या पाषाणच्या एआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेची अटॅग्ज तोफ घ्या. २०१३ ला काम सुरू, भारत फोर्ज आणि टाटा दोघंही सोबत, ४८ किलोमीटर मारा करून दाखवला. सप्टेंबर २०२० मध्ये पोखरणला ट्रायलच्या वेळी बॅरल फुटली, माणसं जखमी झाली. वाईटच झालं. पण टीव्हीवर जो सूर लागला ना की बघा स्वदेशी तोफ फुटली, तो मला अजिबात पटला नाही. ट्रायल कशासाठी असते? फुटायचं ते तिथेच फुटावं, लढाईत नको, म्हणूनच ना. करार झाला मार्च २०२५ मध्ये, ३०७ तोफा, सुमारे ६९०० कोटी, स्वस्त बोली भारत फोर्जची म्हणून त्यांना १८४ आणि टाटांना १२३. म्हणजे सुरुवातीपासून ऑर्डरपर्यंत बारा वर्षं, कुंभमेळ्यापासून कुंभमेळ्यापर्यंत म्हणा ना, तुमच्या नाशिकचंच माप आहे.

पर्रीकर संरक्षण मंत्री असताना खरेदीची पद्धत बदलली असं आम्ही गोंयकार अभिमानाने सांगतो. खरंच काही बदललं का? (म्हापसा)

बदललं. सगळं नाही, पण सुरुवात नक्की त्यांची. आयआयटी मुंबईचा मेटलर्जीचा माणूस, त्यामुळे फाईलमधला धातू कुठला आणि गंज कुठला हे त्यांना कळायचं. डीपीपी २०१६, म्हणजे डीएपीच्या आधीचं नियमांचं पुस्तक, त्यांच्या काळातलं. भारतात डिझाइन केलेल्या मालाला पहिला मान हा नवा वर्ग त्यात आला. कंपनीनं स्वतःच्या पैशांनी प्रोटोटाइप बनवायचा ती मेक-टू वाट पण तिथलीच. आणि एल-वनच्या दगडी नियमाला बारीक भोक पाडलं, म्हणजे एखादी वस्तू मागितलेल्यापेक्षा जास्त चांगली असेल तर किमतीच्या तुलनेत तिला १० टक्क्यांपर्यंत क्रेडिट. आर्मी डिझाइन ब्युरो पण २०१६ चाच. तिथले लोक आर्मीच्या अडचणी गोळा करून छापतात, की बाबांनो हे हे प्रॉब्लेम आहेत, सोडवा. साधी गोष्ट वाटते, पण त्याआधी बाहेरच्या माणसाला फौजेची अडचण काय आहे हेच कळायला मार्ग नव्हता.

क्यूआरबद्दल ते म्हणाले होते की यातले काही तर मार्व्हल कॉमिक्समधून उचलल्यासारखे वाटतात. हे अगदी आतल्या माणसाचं बोलणं आहे. मी ते क्यूआर बनताना बघितलेत. चार देशांची ब्रोशर टेबलावर, याचा पल्ला घे, त्याचं वजन घे, तिसऱ्याची बॅटरी, आणि किंमत आपली. वधूवर सूचक मंडळातली अपेक्षा वाचलीत ना तुम्ही, मुलगा आयटीत पाहिजे, पुण्यात स्वतःचा फ्लॅट पाहिजे, गावाकडे शेती पाहिजे पण शेती करणारा नको, एकुलता एक पाहिजे पण सासू-सासरे सोबत नकोत. तसा जावई जगात नसतो. मग टेंडरला कुणीच बसत नाही, किंवा एकच बसतो, आणि एकच बसला की वरचं 'सिंगल व्हेंडर'चं गाणं परत सुरू.

जे नाही बदललं ते हे, की क्यूआर आधी आणि प्रयोग नंतर ही उलटी वरात तशीच राहिली. नवीन वस्तूचं उलट पाहिजे. आधी थोड्या घ्या, जवानांच्या हातात द्या, त्यांना शिव्या घालू द्या, आणि त्या शिव्यांमधून क्यूआर लिहा.

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, आम्ही तिघी मिळून धुरातून बघणारा कॅमेरा बनवतोय. आयडेक्समध्ये अप्लाय करावं का? सगळे म्हणतात दीड कोटी मिळतात. आणि तुम्ही लिहिता विकणं अवघड. मग नक्की काय? (पुणे)

ताई, दोन्ही खरं आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

आयडेक्स ही संरक्षण मंत्रालयाची स्टार्टअपसाठीची योजना, सुरू झाली एप्रिल २०१८ मध्ये चेन्नईच्या डिफेन्स एक्स्पोत. त्यात फौज आपली अडचण चॅलेंज म्हणून जाहीर करते, तुम्ही अर्ज करता, निवड झाली तर प्रोटोटाइपसाठी दीड कोटीपर्यंत ग्रँट. पुढे आयडेक्स प्राइम आलं, त्यात १० कोटीपर्यंत, आणि मग अदिती योजना, अवघड आणि महत्त्वाच्या टेक्नॉलॉजीसाठी २५ कोटीपर्यंत. पण 'मिळतात' म्हणणाऱ्यांना एक विचारा, स्वतःचे किती घातले? ही मॅचिंग ग्रँट आहे, जेवढे सरकार देणार तेवढाच वाटा तुम्हालाही उभा करायचाय, आणि पैसे एकरकमी नाही तर टप्प्याटप्प्यानं, हा टप्पा दाखवा मग पुढचा हप्ता. तिघींच्या घरच्यांना हे आधी नीट समजावा, नाहीतर दुसऱ्या हप्त्याच्या आधी दागिन्यांचा विषय निघतो.

चांगलं काय आहे? तर इथे पहिल्यांदा नियमात मान्य केलंय की वस्तू अजून बनायचीय. फौजेचा माणूस बनवण्याच्या काळातच तुमच्यासोबत असतो, माप मागेपुढे करता येतं, आणि बनवलेली वस्तू पास झाली की परत खुल्या टेंडरमध्ये ढकलत नाहीत, तुमच्याकडूनच घेता येते. २०२२ मध्ये नियम अजून सोपे केले, एओएनपासून करारापर्यंत साधारण २२ आठवडे धरलेत. माझ्या काळात २२ आठवड्यांत फाईल एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जायची.

आता कडू. मंत्रालयानंच २०२५ मध्ये दिलेले आकडे सांगतो, फेब्रुवारीपर्यंत ४३० करार झाले बनवण्याचे, आणि प्रत्यक्ष खरेदी झाली ४३ वस्तूंची, २४०० कोटींच्या वर. काही जण म्हणतात बघा दहातली एकच, फेल स्कीम. तसं म्हणणं चूक आहे, कारण बरेच करार ताजे आहेत, वस्तू अजून बनतायत, आणि प्रयोगातल्या सगळ्याच वस्तू घेतल्या तर तो प्रयोग कसला. पण मला काळजी आहे ती त्यांची, ज्यांची वस्तू बनली, चालली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग दोन वर्षं सामसूम. ग्रँट संपलेली, ऑर्डर आलेली नाही, मुलं पगार मागतायत, चांगला इंजिनिअर बंगळुरूला गेला. ग्रँट म्हणजे साखरपुडा आहे ताई, लग्न नाही. माझं स्पष्ट मत आहे की दीडाचे तीन कोटी करण्यापेक्षा, पास झालेल्या प्रत्येकाची वीस-पंचवीस नगांची छोटी ऑर्डर सहा महिन्यांत द्यायचीच असा नियम करा. बक्षीस नको, ऑर्डर द्या.

तुम्ही अप्लाय करा, पण तयारीनं. डिझाइन ब्युरोनं छापलेल्या अडचणींत तुमच्या कॅमेऱ्याशी जुळणारं काही आहे का बघा, नसेल तर आयडेक्सचं ओपन चॅलेंज आहे, त्यात स्वतःहून कल्पना मांडता येते. आधी पेटंटचा अर्ज टाका आणि मग दाखवायला जा. कॅमेरा फक्त फौजेला विकायचा असं धरू नका, फायर ब्रिगेडला, खाणींना, रिफायनरीला धुरातून बघायला लागतंच की, तिथून आलेल्या पैशावर फौजेची वाट बघता येईल. नवी मुंबईची आयडियाफोर्ज बघा, आयआयटी मुंबईच्या मुलांनी काढलेली, पोलिसांना वगैरे ड्रोन देत देत वर्षं काढली, आणि गलवाननंतर जानेवारी २०२१ मध्ये आर्मीची सुमारे २ कोटी डॉलरची ऑर्डर मिळाली. सागर डिफेन्सची मातंगी बोट ऑक्टोबर २०२४ मध्ये नेव्हीच्या स्वावलंबन कार्यक्रमात सोडली, मुंबईहून थुथुकुडीला, सुमारे १५०० किलोमीटर, माणसानं न चालवता. वाट आहे, पण ती वाट घाटातली आहे, ब्रेक चेक करून निघा.

आमच्या करातून हे प्रयोग चालतात. निम्मे फेल होणार हे तुम्हीच म्हणता. मग परदेशातून चालू, सिद्ध झालेली वस्तू सरळ का घेत नाहीत? (सांगली)

तुमच्याकडे द्राक्षाचं किंवा उसाचं नवीन वाण आलं की शेतकरी काय करतो? आख्ख्या पाच एकरात लावतो का? दोन गुंठ्यात लावून बघतो. गेलं तर दोन गुंठे गेले. आणि कुणीच दोन गुंठे लावून बघितलं नाही तर आजोबांचंच वाण लावत बसायचं. फौजेत अडचण ही आहे की दोन गुंठ्यांसाठीसुद्धा पाच एकरांचे कागद लागतात, म्हणून लोक म्हणतात मग पाच एकरच लावू, आणि मग जे बुडतं ते पाच एकरचं बुडतं.

पैशाचं म्हणाल तर २०२५-२६ च्या बजेटमध्ये संरक्षणाला ६.८१ लाख कोटी, त्यातले भांडवली खर्चाला, म्हणजे मुख्यतः नवीन सामानाला, १.८० लाख कोटी. आयडेक्सची योजना पाच वर्षांची मिळून ४९८.७८ कोटी. अदिती तीन वर्षांची ७५० कोटी. दोन्हीची वर्षाची सरासरी काढली तर भांडवली खर्चाच्या शंभर रुपयांत सुमारे वीस पैसे पडतात. हे सगळे वीस पैसे बुडाले तरी मला झोप लागेल, मला झोप लागत नाही ती उरलेल्या ९९ रुपये ८० पैशांतलं किती उशिरा येतं या विचारानं.

आणि परदेशातलं सिद्ध झालेलं, ते सिद्ध कुठे झालं? युरोपच्या थंडीत. सोळा हजार फुटांवर हवा विरळ, पंखा फिरतो पण उचलत नाही, बॅटरी अर्ध्यात बसते. शिवाय इमर्जन्सी खरेदी म्हणून एक दरवाजा आहेच, उरीनंतर, बालाकोटनंतर, गलवाननंतर, ऑपरेशन सिंदूरनंतर दर वेळी उघडला, अलीकडे ३०० कोटींपर्यंतचे करार झटपट करायला. त्या दरवाज्यातून चांगल्या वस्तू आल्या, आणि वर लिहिलेले ते चिनी पार्टवाले ड्रोनही आले. म्हणजे शांततेच्या काळात आपण एवढे हळू की धावायची वेळ येते, आणि धावताना तपासणी राहते. याला बचत म्हणायचं का ते तुम्हीच ठरवा.

इकडे अमेरिकेत डिफेन्स स्टार्टअपवाले मित्र आहेत, ते म्हणतात इथे सहा महिन्यांत कॉन्ट्रॅक्ट मिळतं. मग आपण त्यांचीच सिस्टीम कॉपी का करत नाही? (न्यू जर्सी)

थोडी केलीच आहे की. पेंटागॉननं २०१५ मध्ये कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यूला डीआययू नावाचं, स्टार्टअपकडून नवीन वस्तू घेणारं ऑफिस थाटलं, आयडेक्स त्यानंतर तीन वर्षांनी आलं. त्यांच्याकडचं घेण्यासारखं एकच आहे, अदर ट्रान्झॅक्शन नावाचा कायदा, मुळात १९५८ मध्ये नासासाठी केलेला. त्यात नेहमीचे खरेदीचे नियम बाजूला ठेवून प्रोटोटाइपचा करार करता येतो, आणि प्रोटोटाइप यशस्वी झाला तर परत स्पर्धा न घेता त्याच कंपनीला मोठी ऑर्डर देता येते. यातलं दुसरं वाक्य सोन्याचं आहे. पण देता येते म्हणजे देतातच असं नाही हां. तिथेही प्रोटोटाइप आणि ऑर्डर यांच्यातल्या खड्ड्याला लोक मृत्यूची दरी म्हणतात आणि तुमच्या मित्रांपैकी ज्यांचं सहा महिन्यांत झालं तेच पार्टीत बोलतात, बाकीचे नोकरी शोधत असतात.

तुमच्या शेजारच्या पेनसिल्व्हेनियातलीच गोष्ट सांगतो. १९४० चा जुलै, युरोपात युद्ध पेटलेलं, अमेरिकन आर्मीला हलकी फोर व्हील ड्राइव्ह गाडी पाहिजे, १३५ कंपन्यांना विचारलं, अट अशी की ४९ दिवसांत गाडी उभी करा. बटलर गावातली बँटम म्हणून बुडायला आलेली छोटी कंपनी, तिनं खरंच करून दाखवलं, २३ सप्टेंबरला गाडी आर्मीच्या दारात. तीच जीप. ४९ दिवस! आपल्याकडे एवढ्यात मीटिंगची तारीख ठरते.

पण पुढे ऐका. आर्मीनं बँटमची ड्रॉइंग्ज विलीज आणि फोर्डला दाखवली, म्हणाले ही कंपनी लहान आहे, एवढ्या गाड्या हिला झेपणार नाहीत. युद्धात सहा लाखांच्या वर जीप बनल्या, त्यातल्या बँटमच्या तीन हजारसुद्धा नाहीत. विलीजचं नाव जगभर झालं, १९४७ नंतर आपल्या मुंबईत महिंद्रानं जोडायला घेतली तीही विलीजचीच जीप. बँटम पुढे ट्रेलर बनवत राहिली. म्हणून मी त्या पुण्याच्या मुलीला आधी पेटंट म्हणालो. वेग हवाच, पण कॉपी करायची तर वेगासोबत हेही ठरवा की डिझाइन कुणाचं, नाहीतर आपल्याकडचे बँटम एकदाच येतील, परत येणार नाहीत.

आणि सध्या सगळ्यात वेगात कोण शिकतंय विचाराल तर अमेरिका नाही, युक्रेन. २०२३ मध्ये त्यांनी ब्रेव्ह-वन हे डिफेन्स स्टार्टअपसाठीचं सरकारी व्यासपीठ सुरू केलं, तिथे आता युनिटला कामगिरीवर पॉइंट मिळतात आणि त्या पॉइंटवर युनिट स्वतः ड्रोन निवडून मागवतं. निवडणारा आणि वापरणारा एकच. युद्धानं नाक दाबल्यावर तोंड उघडतं, आपल्याला ते शांततेत करायचंय, म्हणून जास्त अवघड.

नागास्त्र आमच्या नागपूरचं, खरं ना? कॉलेजात पैज लागली आहे. (नागपूर)

खरं. सोलर ग्रुपच्या इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्ह्जनं बनवलं, जोडीला बंगळुरूची झेड-मोशन कंपनी. साधारण ९ किलोचं स्फोटक ड्रोन, खांद्यावर नेता येतं, लक्ष्यावर घिरट्या घालून आदळतं. आर्मीनं इमर्जन्सी अधिकारात ४८० मागवली, पहिली १२० जून २०२४ मध्ये पोचली. म्हणजे पैज जिंकलात पण अर्धी, झेड-मोशन नागपूरची नाही. सावजी अर्धा प्लेट घ्या.

मी ऑर्डनन्स फॅक्टरीत खरेदी विभागात काम केलं. तुम्ही अधिकाऱ्यांना भित्रे म्हणता, पण उद्या चौकशी लागली तर सही करणाऱ्याला कोण वाचवतं? (वरणगाव)

कुणी नाही. तुमचं बरोबर आहे, आणि हा या सगळ्यातला खरा प्रश्न आहे, बाकीचे सगळे प्रश्न याच्या पोटातून येतात.

आमच्याकडे एक साहेब होते. एका छोट्या कारखान्यानं रात्री बघायचं एक उपकरण बनवलं होतं, साहेबांनी त्यांच्या अधिकारात बसत होतं तेवढ्यात बारा नग ट्रायलला घेतले. पाच बिघडले, सात चालले, आणि चांगले चालले. साहेबांनी बिघडलेल्या पाचांची कारणं लिहून कारखान्याला कळवली, त्यांनी सुधारणा केली, म्हणजे जे व्हायला पाहिजे तेच झालं. दोन वर्षांनी ऑडिट आलं, पॅरा म्हणजे लेखी आक्षेप पडला, पाच नगांवरचा खर्च वाया. सातांचा उल्लेख नाही. उत्तराचा मसुदा मी लिहिला, तीन वेळा, दर वेळी वरून परत. साहेब रिटायर झाले तरी पत्र त्यांच्या घरी जात होतं. त्यानंतर आमच्या ऑफिसात कुणी ट्रायलला एक नगसुद्धा घेतला नाही, आणि त्याबद्दल कधीही कुणाला पत्र आलं नाही. न घेतल्याचं ऑडिट होत नाही ना.

ऑडिटवाले वाईट असतात असं नाही, त्यांच्या फॉर्मात 'प्रयोग' नावाचा कॉलमच नाही. वस्तू चालली किंवा पैसा वाया, दोनच रकाने. मी म्हणतो तिसरा रकाना छापा, की हा खर्च शिकण्यासाठी होता, एवढी मर्यादा आधी ठरलेली होती, आणि हे हे कळलं. लाच घेतली असेल तर धरा, जरूर धरा, पण वस्तू बिघडली म्हणून माणूस धरू नका. बिघाड आणि भ्रष्टाचार यांना एकाच काठीनं मारलं की प्रामाणिक माणूस पहिला पळतो, कारण दुसऱ्याला वाचायचे रस्ते आधीच माहीत असतात.

थोडं हललंय मात्र. १ नोव्हेंबर २०२५ पासून डीपीएमचं नवं पुस्तक लागू झालं, हे रोजच्या खरेदीचं, सुटे भाग, दुरुस्ती वगैरे, डीएपी वेगळं. त्यात लिहिलंय की वस्तू विकसित होत असताना उशीर झाला तर दंड नाही, प्रोटोटाइपनंतरही तो ०.१ टक्क्यापासून सुरू, आणि एरवीची मर्यादा ५ टक्के, फारच उशीर झाला तर १०. देशात बनवणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत ऑर्डरची खात्री देता येते. तुम्ही एलडी म्हणजे हाच उशिराचा दंड कापायची पत्रं टाइप केली असतील, तुम्हाला याची किंमत कळेल. कंपनीचा धोका यातून कमी झाला. सही करणाऱ्याचा झाला का, ते पहिला ऑडिट पॅरा पडेल तेव्हा कळेल.

माझ्या मुलाने नववीत ड्रोन बनवलाय, फौजेला कुठे पाठवू? (विश्रांतवाडी, पुणे)

वहिनी, पाठवू नका आणि मुख्य म्हणजे गच्चीवरून उडवू नका, लोहगावचा एअरफोर्सचा तळ तुमच्या उशाशी आहे. ड्रोन रूल्स २०२१ प्रमाणे कुठे परवानगी लागते त्याचा नकाशा डिजिटल स्कायवर आहे, तो मुलालाच शोधू द्या, आणि वजन २५० ग्रॅमच्या आत आहे का ते किचनमधल्या काट्यावर बघा. त्याला सुट्टीत गावाकडे घेऊन जा, मोकळ्या रानात उडवू दे. किती वेळा पडला, का पडला हे वहीत लिहायला लावा. ती वही मला पाठवा, वाचायला आवडेल.

पेन्शनवाले, पुढच्या अंकात नक्की.